थॅलियमच्या आदल्या दिवशी चहा का नको?

प्रश्न : माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. जिना चढताना त्यांच्या छातीवर दडपण येते. गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमणार नाही, म्हणून डॉक्टरांनी ‘थॅलियम’ ही हृदयाची तपासणी सांगितली आहे. सरळ अँजिओग्राफीच का करू नये? घरात आठ महिन्यांची नात आहे, तिला किरणोत्सर्गाचा धोका नाही ना? शिवाय आदल्या दिवसापासून चहा बंद कशासाठी?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : अँजिओग्राफीत रक्तवाहिनी कुठे आणि किती अरुंद झाली आहे ते दिसते, पण त्या अरुंदपणामुळे हृदयाच्या स्नायूला खरोखर रक्त कमी पडते का, हे थॅलियममध्ये कळते. शिरेतून दिलेले किरणोत्सारी द्रव्य रक्त पोहोचेल त्या प्रमाणात स्नायूत शोषले जाते आणि गॅमा कॅमेरा त्याची चित्रे घेतो, एकदा विश्रांतीत आणि एकदा हृदयावर ताण देऊन. केवळ ताणाखाली फिका पडणारा भाग रक्ताला मुकतो आहे असे समजतात. दोन्ही चित्रांत फिका असेल, तर तिथे बहुधा जुन्या झटक्याचा व्रण असतो. हृदयाची पंपिंगची ताकदही त्यातच मोजता येते.

चालता येत नसेल, तर ताणासाठी अडिनोसिनसारखे औषध देतात. त्याने निरोगी वाहिन्या चांगल्या रुंदावतात, रोगट तितक्या रुंदावत नाहीत, आणि हा फरकच चित्रात उतरतो. चहाकॉफीतले कॅफिन नेमके या औषधाला अडवते, त्यामुळे खरा दोष झाकला जाऊ शकतो. म्हणून 12 ते 24 तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट वर्ज्य. ‘अर्धा कपच घेतला’ हेही लपवू नये. दमा असल्यास आधीच सांगावे. नेहमीची औषधे मनाने बंद करू नयेत.

नाव थॅलियमचे राहिले असले, तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात. त्याची किरणोत्सारिता दर 6 तासांनी निम्मी होते, म्हणजे दिवसभराने सोळावा हिस्सा उरतो. त्या दिवशी सासूबाईंनी भरपूर पाणी प्यावे आणि नातीला मांडीवर घेऊ नये. खरे थॅलियम-201 निम्मे व्हायला मात्र सुमारे 73 तास लागतात. तेव्हा कोणते द्रव्य देणार आहेत आणि बाळाला किती काळ दूर ठेवायचे, हे तिथेच विचारावे.

तिन्ही मुख्य वाहिन्या सारख्याच अरुंद असतील, तर चित्र फसवे एकसारखे दिसू शकते. अहवाल चांगला येऊनही दडपण येतच राहिले, तर पुन्हा डॉक्टरांना भेटावे. आणि बसल्या जागी छातीत दुखू लागले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.