नव्या जलसुरक्षक ताईंना

ताई, गावच्या पाण्याच्या सगळ्या तपासण्यांच्या मागं एकदम लागू नका. सुरुवातीला फक्त क्लोरीन आणि जंतू बघा.

ओटी टेस्ट (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं दिसतं ती तपासणी) टाकीपाशी करून थांबू नका, नवे लोक इथंच चुकतात. टाकीत पिवळा रंग येतो आणि वस्तीच्या टोकाला पाणी कोरंच! शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवं. नसेल तर आधी टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पोतं बघा. उघडं किंवा ओलं राहिलं की त्याचा जोर जातो.

जंतूंसाठी:
- बाटली निर्जंतुकच घ्या
- नमुना थंड ठेवा, 24 तासांत प्रयोगशाळेत पोचवा

उन्हाळ्यात टँकरचं पाणीही तपासायचं सोडू नका, मराठवाड्यात तर अजिबात नाही. बोअरचं फ्लोराइड, नायट्रेट पुढं शिकालच. तारीख आणि नळाची जागा मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.