समुद्राला 'बहर' कसा येतो?

सटाण्याच्या एका ताईंनी विचारलंय: किनाऱ्याजवळ वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव, एकाएकी वाढून पाण्याचा रंग पालटतो, त्याला पुस्तकात 'बहर' म्हटलंय. फूलच नाही तिथे बहर कसला? सरळ 'वाढ' का म्हणू नये?

ताई, उत्तर तुमच्या सटाण्याच्या डाळिंबबागेतच आहे. बागायतदार 'यंदा हस्त बहार धरला' म्हणतो, तेव्हा तो नुसत्या फुलांबद्दल बोलत नसतो. पाणी तोडून ताण दिला, पानगळ केली, मग खत घालून पाणी सोडलं आणि बाग एकदम फुटली, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मूळ फारसीत बहार म्हणजे वसंत ऋतू.

समुद्रातही असंच घडतं. पावसाळी वाऱ्यांनी केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं गार, नायट्रेटने भरलेलं पाणी वर येतं. नद्या सिलिका आणतात. एवढं खत मिळालं की करंडक, म्हणजे डायाटम, जोमाने वाढतात. करंडक हा मराठीतला फार देखणा शब्द आहे. या एकपेशीय जिवाचं कवच सिलिकेचं, काचेसारखं असतं. त्याचे दोन भाग, एकावर एक बसणारे, अगदी कुंकवाच्या करंड्याचं झाकण बसावं तसे. सिलिका संपली की नवं कवच घडत नाही आणि बहर ओसरतो. उन्हाळ्याकडे वारा पडतो, पाणी तापतं, वरच्या थरातलं नायट्रेट संपलेलं असतं. अशा वेळी ट्रायकोडेस्मियम या दुसऱ्या प्लवकाचं, एका नील-हरित जिवाणूचं, फावतं, कारण ते पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच वापरात आणतं. त्याचे लाकडाच्या भुशासारखे पट्टे पाण्यावर तरंगतात. मृगाचा बहार वेगळा, आंबे बहार वेगळा, तसंच हे. 'वाढ' म्हटलं की यातला हंगामच निघून जातो.

एक भेद मात्र मी पाळते. प्लवकांमुळे पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरत असतील, तर तिथे 'बहर' लिहायला हात धजत नाही. तिथे 'उद्रेक' लिहावं. बोलताना तर आपल्याकडे याहून नेमकं क्रियापद आहे. गोदावरीतल्या जलपर्णीला जांभळी फुलं येतात, तरी नाशिककर 'जलपर्णी बहरली' म्हणत नाहीत, 'माजली' म्हणतात.