वाचकांचे प्रश्न : पलटणीतले दिवस कसे लिहावेत?

प्रश्न : मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासला बोफोर्स तोफांच्या तुकडीत होतो. आठवणी लिहाव्यात असा घरच्यांचा आग्रह आहे. परंतु मोठ्या अधिकाऱ्यांनी पुस्तके लिहिली असताना मी वेगळे काय सांगणार, आणि त्यात कायद्याची अडचण येईल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सुभेदारसाहेब, आपण अवश्य लिहावे आणि मराठीतच लिहावे. अधिकाऱ्यांची पुस्तके पुष्कळ आहेत. जवानांनी आणि सुभेदारांनी स्वतः लिहिलेली फार थोडी आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांतील जे उतारे आज वाचायला मिळतात, ते ब्रिटिश सेन्सॉरने पाळत ठेवण्यासाठी इंग्रजीत उतरवून घेतले म्हणून टिकले. आपल्याच जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. हा आकडा सर्वांना ठाऊक आहे, पण ते आघाडीवर काय खात होते, कशाला भीत होते, घरच्या कोणत्या कामाची काळजी करत होते, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

टायगर हिल कोणत्या तारखेला घेतली आणि कोणत्या पलटणी वर चढल्या, हे आता छापून आलेले आहे; त्यावर आपण पाने खर्च करू नयेत. साडेदहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत चाळीस किलोंहून जड गोळा पुन्हापुन्हा उचलताना छाती कशी भरून येई, सलग माऱ्यानंतर कान किती वेळ सुन्न राहत, समोरून गोळे पडू लागल्यावर लंगरातले (पलटणीच्या स्वयंपाकघरातले) जेवण तोफेपर्यंत कोण आणि कसे पोहोचवी, हे मात्र आपणच सांगू शकता. ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६२ मध्ये नामका चू नदीवर झालेल्या पराभवाविषयी आणि त्यानंतरच्या चिनी कैदेविषयी १९६९ मध्ये पुस्तक लिहिले. वरिष्ठांवरचा त्यांचा राग त्यात लपत नाही, तरी तो वाचकाला पटतो, कारण अपुरा दारूगोळा आणि त्या थंडीतले सुती गणवेश यांचा हिशेब त्यांनी समोर मांडला आहे. आपल्यालाही कोणाविषयी तक्रार असेल तर ती याच रीतीने, पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे मांडावी.

कायद्याचे म्हणाल, तर सेवेत असताना असे लेखन प्रसिद्ध करण्यास पूर्वपरवानगी लागते. निवृत्तीनंतरही १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू राहतो, म्हणून संकेतशब्द, आजही वापरात असलेल्या शस्त्रांची गोपनीय माहिती आणि ठाण्यांचे नेमके तपशील वगळावेत. शंका वाटणारा मजकूर छापण्याआधी आपल्या रेजिमेंटच्या कार्यालयाला दाखवावा. हुतात्मा झालेल्या सोबत्याचे अखेरचे क्षण लिहिणार असाल, तर ते प्रथम त्याच्या घरच्यांना वाचून दाखवावेत. त्यांना ते छापील पानावरून कळणे फार क्रूर आहे.

प्रश्न : माझे वडील १९७१ च्या युद्धात होते. आता हात थरथरतो, लिहिता येत नाही. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले तर त्याला काही किंमत राहील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निश्चितच राहील. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्याच युद्धात पाय गमावलेले पायदळाचे अधिकारी, मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी पुढे वाचलेल्यांच्या आठवणींवरून त्या घटनेवर पुस्तक केले. आपणही फोनवर थोडे थोडे ध्वनिमुद्रण करावे. ‘युद्ध कसे होते?’ असे मोघम विचारण्याऐवजी पिठ्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) काय काय होते, पत्र किती दिवसांनी मिळे, असे विचारावे, आणि तारीख चुकली तरी मध्येच दुरुस्त करू नये. ती नंतर टिपेत देता येते. ते एखाद्या प्रसंगापाशी थांबले, तर पुढे ढकलू नये. त्या आठवणींनी त्यांची झोप उडू लागली, तर ध्वनिमुद्रण बंद ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.