प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबायची कशाला?

तुम्ही विचारलंय की संधिवातासाठी (आमवात) मेथोट्रेक्सेट दिलंय, सोबतच्या कागदावर 'प्रतिकारशक्ती दाबणारं औषध' लिहिलंय. सगळं जग ती वाढवा म्हणतं, मग दाबायची कशाला?

मी डॉक्टर नाही. बहिणीने दिलेली किडनी पोटात आहे आणि ती अशाच गोळ्यांवर टिकून आहे, म्हणून लिहितोय.

प्रतिकारशक्ती आपलं-परकं बघते, भलं-बुरं तिला कळत नाही. बहिणीच्या किडनीने मला जगवलं, पण माझ्या पांढऱ्या पेशींच्या लेखी ती घुसखोरच. १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते हुबेहूब जुळ्या भावांमध्ये; म्हणून तर निभावलं. बाकीच्यांना औषधांची वाट बघावी लागली. मी घेतो ते टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालं. आपला जीव मातीतल्या जंतूच्या भरवशावर, याची मला अजून गंमत वाटते.

तुमच्या बाबतीत पेशी स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडल्यात. ल्युपस, सोरायसिस, क्रोन्स या आजारांतही थोड्याफार फरकाने हाच घोळ, म्हणून तिथेही हीच औषधं.

दाबायची किती, हीच खरी कसरत. टॅक्रोलिमस कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं. सुरुवातीला या औषधाने माझा हात इतका थरथरायचा की सही जुळेना. रक्तातली औषधाची लेव्हल सकाळची गोळी घेण्याआधी तपासतात. एकदा सवयीने गोळी गिळून लॅबमध्ये गेलो. आकडा भलताच चढा आला, डॉक्टर चक्रावले, मग मला आठवलं!

तुमची गोळी मात्र आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. सोबत फॉलिक अॅसिड दिलं असेल तर तेही सांगितल्या दिवशीच. रक्ततपासणी टाळू नका, यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवावं लागतं. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, या औषधाने गर्भाला धोका असतो. कुठलीही लस घेताना हे औषध चालू असल्याचं सांगा, जिवंत जंतूंच्या काही लसी आपल्याला चालत नाहीत. आणि ताप आला तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.