लंबरजिल म्हणजे लाकूडतोडी, लाकूडतोडीण की अजून काही?

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात परत लिहितो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ज्या बायका जंगलात झाडं पाडायचं काम करायच्या त्यांना लोक 'लंबरजिल' म्हणायचे, त्यांच्यावर तुम्ही दिवाळी अंकासाठी लेख लिहिताय, आणि अडलंय असं की लंबरजॅकला आपण लाकूडतोड्या म्हणतो मग लंबरजिलला लाकूडतोडी म्हणायचं, लाकूडतोडीण म्हणायचं की 'महिला लाकूडतोड्या'?

'महिला लाकूडतोड्या' तर अजिबात नको, ते महिला डॉक्टर-महिला पोलीस छाप झालं, म्हणजे मूळ शब्द पुरुषाचा आणि बाईला वरून चिकटवलेलं लेबल. आणि तशी गरजही नाहीये, कारण गंमत अशी की अनेकवचनात 'लाकूडतोड्या' हा शब्द आहे तसाच बायकांना लागतो. आगलाव्या, घरबुडव्या हे त्याच घडणीचे शब्द घ्या. तो आगलाव्या, ती आगलावी, ते आगलावे, त्या आगलाव्या. त्याच चालीवर तो लाकूडतोड्या, ती लाकूडतोडी, ते लाकूडतोडे आणि त्या लाकूडतोड्या. तुमच्या लेखात त्या बहुतेक ठिकाणी घोळक्यानेच येणार, त्यामुळे 'या लाकूडतोड्या पहाटे निघायच्या' असं बिनधास्त लिहा, क्रियापदावरून कळतंच की बायका आहेत.

घोळ होतो एकवचनात. 'लाकूडतोडी' व्याकरणाने बरोबर आहे पण 'लाकूडतोड' हे कामाचंही नाव आहे, ऊसतोड असतं तसं, आणि त्याला विभक्ती लागली की तेही लाकूडतोडीच होतं. 'लाकूडतोडीला सुरुवात झाली' यात बाई नाही, आणि 'लाकूडतोडीला ताप आला' यात आहे, वाचणारा दर वेळी अर्धा सेकंद अडखळणार. लाकूडतोडीण मला पटत नाही. एक तर -या वाल्या शब्दांना -ईण लागत नाही, आगलावीण कोणी म्हणत नाही. दुसरं म्हणजे पाटलीण, सुतारीण म्हटलं की पहिल्यांदा पाटलाची बायको, सुताराची बायकोच डोळ्यासमोर येते (मोलकरीण, कोळीण हे अपवाद आहेत, तिथे बाईचं स्वतःचं काम आहे, मान्य). या मुली कोणा लाकूडतोड्याच्या बायका म्हणून जंगलात गेल्या नव्हत्या, त्यातल्या कित्येक शहरात दुकानात नाहीतर ऑफिसात काम करणाऱ्या होत्या, कुऱ्हाड हातात धरलेली नव्हती. तेव्हा एकवचनात सरळ 'लंबरजिल' ठेवा, मराठीत काही बिघडत नाही, नर्स आणि टायपिस्ट आपण पचवलेच की.

आता मूळ शब्द, कारण त्यात एक मजा आहे जी लेखात दोन ओळीत घालता येईल. इंग्रजीत जॅक म्हणजे कोणीही सोम्यागोम्या, कष्टाचं काम करणारा गडी, उंच मनोऱ्यावर चढून दुरुस्त्या करणारा तो स्टीपलजॅक तसा लाकडाचा तो लंबरजॅक. जॅकची जोडीदारीण जिल, ती बालगीतातली, टेकडीवर पाणी आणायला गेलेली. त्यावरून लंबरजिल. पण 'लंबर' हा शब्द इमारती लाकडाच्या अर्थाने अमेरिका-कॅनडाकडचा, ब्रिटिश माणूस लाकडाला टिंबर म्हणतो आणि त्याच्या घरात लंबर म्हणजे माळ्यावर टाकलेलं मोडकंतोडकं सामान. म्हणून सरकारी नाव 'विमेन्स टिंबर कोअर' आणि टोपणनाव मात्र अटलांटिकपलीकडचं.

हे दल उभं का राहिलं ते न सांगता शब्द लावला तर तो अर्धाच लागेल. ब्रिटन तेव्हा लागणारं बहुतेक लाकूड बाहेरून बोटीने आणायचं. पहिल्या महायुद्धात याच कारणाने तोंडाला फेस आला होता, म्हणून तर १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन काढलं, पण वीस वर्षांत झाडं वाढून वाढणार किती. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेत सैन्य घुसवलं आणि तिकडचं लाकूड बंद झालं, समुद्रात पाणबुड्या होत्याच. आणि लाकूड लागणार होतं ते काही सोफासेट करायला नाही, कोळशाच्या खाणीत छत तोलून धरायला हजारो टेकू लागायचे, ते नाहीत तर कोळसा नाही, कोळसा नाही तर रेल्वे नाही, वीज नाही, कारखाने नाहीत. शिवाय रेल्वेचे स्लीपर, तारायंत्राचे खांब. तोडणारे पुरुष सैन्यात गेलेले. कॅनडातून, न्यूफाउंडलंडमधून आणि चक्क मध्य अमेरिकेतल्या ब्रिटिश होंडुरासमधून तोडणारे गडी आणून स्कॉटलंडच्या जंगलात कामाला लावले तरी पुरेनात. मग एप्रिल १९४२ मध्ये इंग्लंडात विमेन्स लँड आर्मीचा (पुरुष सैन्यात गेल्यावर शेतीची कामं करायला उभ्या केलेल्या बायकांच्या दलाचा) भाग म्हणून हे दल निघालं आणि मे महिन्यात स्कॉटलंडने स्वतःचं वेगळं काढलं. इंग्लंडात सफोकमधल्या कलफर्डला, स्कॉटलंडात ब्रेचिनजवळच्या शँडफर्ड लॉजला ट्रेनिंग, तेही जेमतेम महिनाभराचं, की रवानगी जंगलात. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी आधी नाकं मुरडली, बायका काय झाडं पाडणार वगैरे, ते सगळं आलंच.

आता माझी खरी हरकत, आणि ती लाकूडतोड्या या शब्दावरच आहे. आपल्याकडे हा शब्द म्हटला की शाळेतल्या गोष्टीतला प्रामाणिक गरीब माणूस, नदीत पडलेली कुऱ्हाड आणि देवता. तो सरपण तोडतो, मोळी विकतो. म्हणजे जळाऊ लाकूड. मोळीवाली हा बायकांसाठीचा आपला अस्सल शब्द, तोही डोक्यावर जळण घेऊन बाजाराला जाणारीचा. लंबरजिलचा संबंध इमारती लाकडाशी, आणि तोडणं हा त्यातला एक तुकडा फक्त.

कामं बघा. एक, उभं झाड पाडणं. जंगलात काम करणारे आपल्याकडेही झाड 'पाडलं' म्हणतात, कारण कुठल्या बाजूला पडणार ते आधी ठरवून त्या अंगाला खाच घ्यायची आणि मागून करवत चालवायची, तोडणं कोणालाही जमतं, पाडणं शिकावं लागतं. करवत मोठी, दोन्ही टोकांना मुठी असलेली, दोघींनी आळीपाळीने ओढायची. ढकलायची नाही, नुसती ओढायची, हे नव्या मुलींना कळेपर्यंत पातं वाकायचं. मग आडव्या झाडाच्या फांद्या खोडालगत साफ करायच्या, त्याला स्कॉटलंडकडे 'स्नेड' असा खास शब्द आहे. मराठीत फांद्या छाटणं म्हणा, पण कोकणात राबासाठी, म्हणजे शेतात जाळायला, कवळ तोडतात तो शब्द इथे वापरू नका, ते उभ्या झाडाचं आणि झाड जगवून करायचं काम. मग ठरलेल्या लांबीचे तुकडे पाडणं, घोड्याला साखळी लावून ओंडके उतारावरून ओढत रस्त्यावर आणणं, लॉरीत चढवणं, लॉरी चालवणं, आरागिरणीत फिरत्या पात्यासमोर उभं राहून फळ्या काढणं. काही जणी भट्टी लावून कोळसा पाडायच्या, इथे सांभाळा, मराठीत दोन्हीला कोळसाच म्हणतात, तेव्हा टेकू ज्या खाणीत गेले तो दगडी कोळसा आणि या पाडायच्या तो लाकडी किंवा लोणारी कोळसा असं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचकाला वाटेल जंगलात खाण निघाली.

आणि सगळ्यात वरचं काम मोजणीचं. हिशोबात पक्क्या मुली निवडून त्यांना मोजणीदार करायचे. कुठलं झाड पाडायचं ते बघून खूण करायची, पडल्यावर लांबी आणि मधला घेर घेऊन घनफूट काढायचे, वहीत टिपायचे, कारण वखारवाल्याचे पैसे आणि तोडणाऱ्यांची मजुरी त्या आकड्यावर. एकटी मुलगी सायकलवर या जंगलातून त्या जंगलात फिरतेय, आणि आयुष्य लाकडात घालवलेल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला सांगतेय की तुमचा अंदाज चुकलाय. तिला तुम्ही लाकूडतोडी म्हणणार? म्हणून लेखात सरसकट एकच शब्द ठोकण्यापेक्षा जिथे काम स्पष्ट आहे तिथे कामाचं नाव द्या: मोजणीदार, गिरणीवाली, लॉरी चालवणारी. लाकूडतोड्या हा सगळ्यांना मिळून.

पर्याय म्हणून तुम्ही वनमजूर आणि वनकन्या असेही दोन लिहिले होते. वनमजूर हा आपल्या वनखात्यातला हुद्दा आहे, रोपवाटिका, जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे) ही कामं करणारा, तो अर्थ आत शिरतो. वनकन्या वाचून हरणाच्या पाडसाला कुरवाळणारी शकुंतला आठवते, या मुली तर ब्रीचेस आणि गमबूट घालून चिखलात. आणि संपादक हेडिंगमध्ये 'रणरागिणी' घालायला सांगतील, कृपा करून घालू देऊ नका.

एक शब्द मात्र जरूर वापरा, कूप. जंगलाचा जो पट्टा त्या वर्षी तोडायला काढलाय तो कूप, मेळघाटापासून डहाणूपर्यंत कोणालाही विचारा. हा संस्कृतातला विहीरवाला कूप नाही, फ्रेंच 'कूप' म्हणजे तोड, ब्रिटिश वनाधिकाऱ्यांनी आणला आणि मराठीत असा मुरला की आता कूपमंडूकाचा नातेवाईक वाटतो. 'लंबरजिलांची टोळी कुपावर गेली' हे वाक्य जंगलातल्या मराठी माणसाला लगेच दिसतं.

टेकूंवरून एक जोड सुचवतो, वाटलं तर घ्या. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्यापासून बायकांना खाणीत उतरायला बंदी होती, म्हणजे ज्या खाणीचं छत यांच्या लाकडावर उभं तिथे या स्वतः उतरू शकत नव्हत्या. त्याच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात मात्र युद्धासाठी कोळसा कमी पडतोय म्हणून १९४३ मध्ये बायकांवरची भूमिगत कामाची बंदी उठवली आणि १९४६ मध्ये परत घातली. आपल्या बायकांना उतरवलं, त्यांच्या बायकांना नाही. आणि खाणीत उतरलेल्या आपल्या बायकांना कोणी गमतीदार टोपणनाव दिलं नाही.

राहिलं 'कोअर'. उच्चार कोअरच, कॉर्प्स लिहू नका, एनसीसीतला शेवटचा सी तोच. भाषांतर करायचं तर 'दल' बरं, 'सेना' नको, कारण या सैन्यात नव्हत्याच, आणि नेमकं त्यामुळेच युद्धानंतर त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. दल १९४६ मध्ये मोडलं, आणि स्कॉटलंडात ॲबरफॉइलजवळच्या जंगलात त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहायला २००७ साल उजाडलं. पहिल्यांदा पूर्ण नाव 'विमेन्स टिंबर कोअर' लिहा, पुढे 'टिंबर दल' चालेल. 'महिला लाकूड दल' मात्र अग्निशमन दलाच्या शेजारचं ऑफिस वाटतं.

आणि हो, तुम्ही सोबत जोडलेला फोटो एकदा तपासा. पहिल्या महायुद्धातही १९१७ मध्ये 'विमेन्स फॉरेस्ट्री सर्व्हिस' निघाली होती, तिचेही कुऱ्हाडवाले फोटो फिरतात. टिंबर दलाची खूण म्हणजे हिरवी बेरे टोपी आणि बिल्ल्यावर सूचिपर्णी झाड, लँड आर्मीच्या बाकीच्या बायकांना रुंद काठाची फेल्ट हॅट होती. फोटो काळापांढरा असल्याने हिरवा कळणार नाही पण टोपीचा आकार कळेल. लंबरजिल हे नाव १९४२ च्या दलाशी जोडलेलं आहे, तेव्हा फोटो १९१७-१८ चा निघाला तर त्याखाली ते नाव न लिहिलेलं बरं, तिथे नुसतं 'लाकूडतोड्या' लिहा.