अळणी म्हणजे बिनतिखट नाही हो!

लालबागच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांचं बीपी वाढलं, डॉक्टर म्हणाले काही दिवस अळणी जेवा, तर घरच्यांनी मिरची बंद केली आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतून रोज मटणाचं अळणी सूप आणायला लागले. आता ताई विचारतायत, अळणी म्हणजे बिनतिखट की बिनमिठाचं, आणि शब्द अळणी की अलोणी?

बिनमिठाचं! हल्ली ज्याला त्याला अळणी म्हणजे तिखट नसलेलं वाटतं आणि दर वेळी ऐकलं की माझं डोकं फिरतं. मला वाटतं हा घोळ कोल्हापुरी थाळीने केला, मसाला पडायच्या आधी काढलेल्या मटणाच्या पाण्याला ते अळणी म्हणतात आणि त्यात मीठ चांगलं असतं. तिखट नाही तर सपक म्हणा, फिकं म्हणा, मिळमिळीत म्हणा, शब्दांना काय तोटा आहे?

अळणी म्हणजे अ अधिक लवण. दोन स्वरांच्या मधे सापडलेला ल मराठीत बहुतेक वेळा ळ होतो. लोणचंसुद्धा लवणातूनच आलंय, पण तिथे ल पहिलाच आणि मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही म्हणून तो वाचला. लावण्यही त्याच घरातलं, लोणी मात्र नाही, ते नवनीत. अलोणी म्हटलंत तर कळेल, पण आपल्या वळणाचा शब्द अळणी.

पण खरी गंमत मीठ या शब्दात आहे. मीठ म्हणजे गोड! भुलेश्वरच्या गुजराती दुकानदाराकडे मीठुं मागा, तो मीठच देईल, आणि तोच शब्द तो गोड या अर्थीही वापरतो. मूळ संस्कृत मृष्ट, म्हणजे स्वच्छ केलेलं, मग चविष्ट, रुचकर. मिष्टान्नातलं मिष्ट आणि मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतलं मीठ सख्खी भावंडं आहेत.

यावर काही जाणकार सांगतात की ही सौम्योक्ती आहे, बांगडी फुटली की वाढवली म्हणतात तसं खारटाला उगाच गोड म्हटलं. मला हे अजिबात पटत नाही. सौम्योक्ती अशुभाला लागते, आणि मीठ तर आपण ताटात सगळ्यात आधी वाढतो, नजर मीठ-मोहऱ्यांनी काढतो, खाल्ल्या मिठाला जागतो, यात अशुभ काय आहे? माझं मत सरळ आहे, मिठाला गोड म्हटलं कारण शरीराला ते खरोखर गोड लागतं. झाडपाल्यात मिठातलं सोडियम फार कमी, म्हणून गाय भिंत चाटते, आणि सस्तन प्राण्यांचं शरीर मिठाच्या बाबतीत पक्कं चिक्कू आहे. रक्तदाब उतरला किंवा सोडियम घटलं की किडनी रेनिन सोडते, त्याने यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचं अँजिओटेन्सिन बनायला लागतं, फुप्फुसांत ते पक्कं होतं, रक्तवाहिन्या आवळतं, तहान लावतं, आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडते, मग किडनी लघवीत चाललेलं सोडियम परत ओढून घेते, मागोमाग पाणी येतं आणि दाब चढतो. उलट काम करणारं संप्रेरक हृदयातच बनतं, मीठ बाहेर टाका म्हणणारं, आणि त्याचा पत्ता लागायला 1981 उजाडलं. माणसाच्या जिभेला त्याच्या कितीतरी आधीपासून मीठ हवंच होतं.

1940 साली अमेरिकेत साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापून आली. त्याची अधिवृक्क ग्रंथी निकामी होती, अल्डोस्टेरॉन नाही म्हणजे मीठ अंगात टिकत नाही, तर हे पोर बिस्किटांवरचं मीठ चाटायचं, नुसतं मीठ खायचं, आणि अगदी पहिल्या शिकलेल्या शब्दांत त्याचा मीठ हा शब्द होता. दवाखान्यात भरती केल्यावर त्याला नेहमीचं जेवण दिलं, हवं तेवढं मीठ मिळालं नाही, आणि काही दिवसांत ते गेलं. नेमका आजार नंतर कळला. त्या मुलाला मीठ काय लागत असेल? मृष्ट हाच शब्द बरोबर आहे, आणि ज्याने कोणी पहिल्यांदा तो मिठाला लावला त्याला हे जिभेवर कळलं होतं असं मी छातीठोक म्हणतो.

असो, ताई, तुमचं राहिलंच. ते सूप आजच बंद करा, लोणचं-पापडही. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सासऱ्यांना नेमकं किती ते डॉक्टरांनाच विचारा. आणि कोणी म्हणेल सैंधव चालतं, तर सिंधूकडून आलं म्हणून नाव सैंधव, बाकी तेही सोडियम क्लोराइडच. सैंधव घातलेली भाजी अळणी होत नाही.