बार्सिलोनाच्या रस्त्यांना नावं देणारा विक्तोर बालागेर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: बार्सिलोनाच्या नकाशात मायोर्का, सार्डिनिया, सिसिली, नेपल्स अशा दूरच्या मुलखांच्या नावांचे रस्ते जवळजवळ कसे, आणि विक्तोर बालागेरला लेखक म्हणायचं की राजकारणी. दोन्हींचं उत्तर एकच आहे. ती नावं बालागेरनेच सुचवली, आणि आज त्याचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं लेखन माझ्या मते तेच.

त्याचा जन्म १८२४ चा, बार्सिलोनातला. १८५४ पासून शहराची जुनी तटबंदी पाडायला सुरुवात झाली आणि इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या आराखड्यानुसार बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर चौकटी-चौकटींचं नवं शहर उभं राहू लागलं. त्या रस्त्यांना नावं द्यायचं काम १८६३ मध्ये नगरपालिकेने बालागेरवर सोपवलं. तेव्हा तो कातालोनियाचा (बार्सिलोना ज्या प्रांतात आहे तो) आणि कातालोनिया जिचा भाग होता त्या अरागॉनच्या राजसत्तेचा मोठा, अनेक खंडांचा इतिहास नुकताच लिहून हातावेगळा करत होता. तोच इतिहास त्याने जमिनीवर मांडला. मध्ययुगात त्या राजसत्तेच्या ताब्यात असलेले किंवा तिच्याशी नातं असलेले प्रदेश रस्त्यांवर आले. तुम्ही सग्रादा फामिलिया हे प्रसिद्ध चर्च पाहायला जाल तेव्हा बाजूच्या पाट्या वाचा: मायोर्का, प्रोव्हेन्सा, सार्डेन्या.

मला मात्र समुद्राला समांतर जाणारे तीन शेजारचे रस्ते जास्त महत्त्वाचे वाटतात: कोर्त्स कातालानेस, दिपुतासिओ आणि कोन्सेल दे सेंट. ही कातालानांच्या स्वराज्याच्या संस्थांची नावं. १७१४ मध्ये बार्सिलोना पडल्यावर स्पेनचा राजा पाचवा फेलिपे याने त्या मोडीत काढल्या. जवळपास दीडशे वर्षांनी बालागेरने त्या लोकांच्या घराच्या पत्त्यात आणून बसवल्या. १७१४ च्या लढाईत बार्सिलोनाच्या बाजूने लढलेले काझानोव्हा आणि व्हियारोएल यांनाही रस्ते मिळाले. माद्रिदचा अंमल असताना हे करणं लहानसहान नव्हतं.

इतिहासकार म्हणून मात्र त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. दंतकथा आणि दस्तऐवज यांच्यात तो फारसा फरक करत नाही. हकिगत रंगली की त्याची लेखणी सुटते. पण याच रंगतदारपणाने कातालान भाषेला मोठा आधार दिला. १८५९ मध्ये ‘जोक्स फ्लोराल्स’ या मध्ययुगीन काव्यस्पर्धा पुन्हा सुरू करणाऱ्या सात जणांत तो होता. प्रेमकवितेला खरं फूल, देशभक्तीच्या कवितेला सोन्याचं रानगुलाब, धर्मविषयक कवितेला सोन्या-चांदीचं व्हायोलेट अशी बक्षिसं. घरात बोलली जाणारी पण गंभीर लेखनातून मागे पडलेली भाषा त्यामुळे पुन्हा सभागृहात मानाने आली.

राजकारणात तो उदारमतवादी, सेनानी प्रिमचा माणूस. त्यापायी १८६६ मध्ये परागंदा होऊन दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला गेला. तिथे कवी फ्रेदेरिक मिस्त्राल आणि त्याच्या मित्रांनी त्याला आसरा दिला. त्याची जाण ठेवून कातालानांनी १८६७ मध्ये त्यांना चांदीचा चषक भेट दिला. त्या चषकावर मिस्त्रालने रचलेलं गीत प्रोव्हान्समध्ये आजही उभं राहून गातात. १८६८ च्या क्रांतीत स्पेनची राणी इसाबेल पदच्युत झाली आणि बालागेरचे दिवस पालटले. पुढे तो एकाहून अधिक वेळा वसाहतींचा मंत्री झाला.

इथे मला त्याच्याबद्दल आदर आणि राग दोन्ही वाटतात. स्वतःच्या लोकांच्या भाषेसाठी एवढा झटणारा माणूस, पण त्याच्याच मंत्रिपदाच्या काळात १८८७ मध्ये माद्रिदच्या रेतिरो बागेत फिलिपिन्स या तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतीचं प्रदर्शन भरलं आणि त्यात तिथली जिवंत माणसं लोकांपुढे मांडली गेली. त्यांतली काही माद्रिदमध्येच दगावली. फिलिपिन्सचा लेखक आणि देशभक्त होसे रिझाल याने याबद्दल पत्रांतून संताप व्यक्त केला आहे. बालागेरचं चरित्र सांगताना हा भाग बहुतेक जण एका ओळीत उरकतात. तो वगळून त्याचा हिशेब पुरा होत नाही.

बार्सिलोनात एक दिवस हाताशी असेल तर लोकल गाडीने विलानोव्हा इ ला जेल्त्रूला जाच. हे गाव त्याला संसदेवर निवडून देत असे, म्हणून त्याने आपला ग्रंथसंग्रह आणि वस्तू तिथे दिल्या आणि १८८४ मध्ये ग्रंथालय-संग्रहालय उघडलं. इमारत स्टेशनाजवळच आहे. फिलिपिन्सहून आलेल्या वस्तू तिथेच आहेत, आणि एदुआर्द तोदा या मुत्सद्द्याने इजिप्तहून पाठवलेली एका लहान मुलाची ममीही. आधी ग्रंथालयाचं दालन बघा, मग फिलिपिन्सचा विभाग. निघण्यापूर्वी वेळा तेवढ्या तपासून घ्या.